कोरडं वजन

वॉर्डातल्या मावशींनी त्याची चाकाची खुर्ची एक्स-रेच्या खोलीबाहेर भिंतीकडे तोंड करून लावली, "दोन मिनिटांत येते" म्हणाल्या आणि गेल्या. असं भिंतीकडे तोंड करून बसवण्यात त्यांचा काही राग वगैरे नव्हता. खुर्चीचं डावं चाक अडत होतं, ती वळली तशी वळली, आणि मावशींना अजून तीन पेशंट खाली आणायचे होते. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून सव्वीस वर्षं काढूनही इस्पितळातली दोन मिनिटं हे माप त्याला कधी पडताळून बघता आलं नसतं. ती कधी दहा मिनिटांची असतात, कधी पन्नासची. समोर फिकट हिरवा तेलरंग आणि त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या स्ट्रेचरांनी एकाच उंचीवर घासून काढलेली काळी रेघ. तो त्या रेघेकडे बघत बसला. अकरा दिवसांत एवढं मात्र त्याला जमायला लागलं होतं, समोर येईल त्याच्याकडे बघत बसणं. पाठीमागे कुठलं तरी दार अर्धवट उघडं असावं, कारण त्यातून समन्वयक बाईंचा आवाज येत होता. प्रत्यारोपण विभागातले कागद, तारखा आणि रडारड या तिन्हींची व्यवस्था या बाईंकडे होती, आणि तिन्हींसाठी त्या एकच सूर वापरायच्या. त्या कुणाला तरी सांगत होत्या की तुम्हाला एकट्याला आत बोलावतील, घरचं कुणी नसेल, आणि स्वतःच्या मर्जीने देताय ना असं विचारतील. "द्यायची नसेल तर तिथेच सांगायचं. आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो, की तपासणीत बसलं नाही. खरं कारण कुणाच्या कानावर जात नाही. पेशंटच्यासुद्धा नाही."

पेशंटच्यासुद्धा नाही, हे पेशंटच्या कानावर पडलं. म्हणजे हा पेशंट त्या माणसाचा नव्हता, पण पेशंट होताच. त्याच्या मानेतली नळी जिथे कातडीत शिरते तिथे एकदम खाज सुटली. तिथे हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती, म्हणून त्याने हात मांडीखाली दाबून धरला. उद्या अकरा वाजता त्याच्या धाकट्या बहिणीला, धाकटीला, बोलावलं होतं. एकटीला. हे त्याला चार दिवस ठाऊक होतं आणि या चार दिवसांत त्याचा त्याने एकदाही विचार केला नव्हता. इस्पितळात रोज कुणाला ना कुणाला कुठल्या ना कुठल्या खोलीत बोलावतातच. आता मात्र त्या खोलीला आणखी एक दार आहे असं कळलं होतं. आतून उघडणारं, बाहेरच्यांना न दिसणारं. त्याचा पहिला विचार असा होता की हे तिला कळता कामा नये. हा विचार इतका चटकन आणि इतका सरळ आला, की त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी आल्या तेव्हा तो अजून रेघेकडेच बघत होता. त्यांनी विचारलं, झोप लागली की काय. तो हो म्हणाला.

धाकटी हो म्हणाली होती का, हे तो वर येताना लिफ्टमध्ये आठवत राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. आधी हातात शीर जोडून घेतली, ती दोनदा गोठली. मग मानेत नळी घातली, त्या नळीवाटे आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मशीन रक्त धुऊन द्यायचं. अकरा दिवसांपूर्वी त्याच नळीतून जंतू आत शिरले आणि दात वाजवणाऱ्या थंडीतापाने तो इथे येऊन पडला. ताप आता गेला होता. मोठे डॉक्टर म्हणाले होते की नळीला जागा फार उरलेल्या नाहीत, आता उशीर नको. शस्त्रक्रिया पुढच्या बुधवारी ठरली होती. बायकोचा रक्तगट जुळत नव्हता. मुलगी सोळा वर्षांची, तिचा प्रश्नच नव्हता. मयत माणसाची किडनी मिळण्याच्या यादीत त्याचं नाव होतं, पण ती यादी पाच-सहा वर्षं लांब होती. उरली धाकटी. ज्या दिवशी बायकोचा रिपोर्ट आला त्या दिवशी सगळे स्वयंपाकघरात बसले होते. कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती, खांदे हलत होते, आणि धाकटी कपबशा विसळता विसळता म्हणाली होती, "बघू या ना. तपासण्या तर करू." बस, एवढंच. त्या 'बघू या ना'वर चार महिन्यांत बावीस तपासण्या झाल्या, तिने शाळेतून रजा काढल्या, शस्त्रक्रियेची तारीख ठरली, मुलीने आत्याला स्वतःच्या हाताने कार्ड करून दिलं. बायको तर येईल-जाईल त्याला सांगत सुटली होती की अशी नणंद भाग्यानेच मिळते. आणि तो? त्याने तर साधं विचारलंसुद्धा नव्हतं. दुकानदाराने 'बरोबर आहे साहेब' म्हटलं म्हणून काटा पास करणाऱ्या निरीक्षकाला त्याने स्वतः दोनदा मेमो दिला होता.

वॉर्डात त्याला 'काटेवाले' म्हणत. पहिल्याच दिवशी, अंगात ताप फणफणत असताना, नर्सने त्याला वजनाच्या मशीनवर उभं केलं तेव्हा तो खाली उतरला होता आणि म्हणाला होता की हे शून्यावर येत नाहीये, चारशे ग्रॅम पुढे दाखवतंय. नर्स म्हणाली, असू द्या हो, चारशे ग्रॅमने काय होतं. त्याने तिला थरथरत सांगितलं की चारशे ग्रॅमने काय होतं ते तुम्हीच मला शिकवलंय. आणि ते खरंच होतं. डायलिसिसवाल्याचं सगळं आयुष्य एका आकड्याभोवती फिरतं, त्याला कोरडं वजन म्हणतात. अंगात साठलेलं जास्तीचं पाणी काढून टाकल्यावर माणूस जेवढा उरतो तेवढा. त्याचा आकडा एकसष्ट होता. मशीनवर जाताना चौसष्ट, उतरताना एकसष्ट, मग पुन्हा घोट घोट करत चौसष्ट. दिवसाला सातशे मिलीलिटर पाणी, त्यात गोळ्या गिळायच्या, त्यातच चहा. त्याच्या उशाशी प्लास्टिकची बाटली असायची आणि तिच्यावर त्याने स्वतः ब्लेडने खुणा कोरल्या होत्या, कंपनीने छापलेल्या खुणांवर त्याचा विश्वास नव्हता. शेजारच्या खाटेवरचे मास्तर, म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, यावर खूप हसायचे. मास्तर तीन वर्षं यादीत होते. ते म्हणायचे, "काटेवाले, तुमचं बरं आहे, तुमची बहीण आहे. आमच्यासाठी कुणीतरी मरायला पाहिजे. आणि रोज सकाळी उठून कुणी मेलं का बघायचं, हे काही बरं दिसत नाही." हे ते इतक्या निवांतपणे म्हणायचे की ऐकणाऱ्याला हसूच यायचं, आणि मग थोड्या वेळाने अंगावर काटा यायचा.

तुमची बहीण आहे. दुपारी पडल्या पडल्या त्याला हे वाक्य खुपायला लागलं. वॉर्डात दुपार फार लांबलचक असते. साडेअकराला जेवणाच्या थाळ्या गोळा करतात, चार वाजता भेटीची वेळ सुरू होते, आणि मधले साडेचार तास पंखा, कुणाचं तरी कण्हणं आणि औषधाच्या ढकलगाडीचं खडखडणं. थकव्याला सुद्धा वेगवेगळे प्रकार असतात हे त्याला इथे समजलं. कामाचा थकवा झोपल्यावर जातो. हा थकवा झोपेतून उठल्यावर पायथ्याशी बसलेला असायचा. हाडांत खाज, तोंडात धातूची चव, पायांना उगाच हलावंसं वाटणं. आणि त्या सगळ्यातून धाकटी पळताना दिसायची. आता ती एकोणपन्नास वर्षांची होती, एका शाळेत खेळाची बाई होती, तिच्या शिट्टीच्या आवाजावर चारशे पोरी उजवीकडे वळायच्या. पण त्याला ती सोळाची दिसायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत आठशे मीटरची शर्यत होती, पुढच्या निवडीसाठी दोन मिनिटं चोवीस सेकंदांत यायला हवं होतं, आणि वेळ मोजायला जे स्वयंसेवक उभे होते त्यांत एकवीस वर्षांचा तो होता. ती पहिली आली. छाती दोरीला लागली तेव्हा त्याने अंगठा दाबला, आणि घड्याळात चोवीस आणि वर एक दशांश. खेळाचे सर त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. ते म्हणाले, चोवीस लिही रे, तुझ्या अंगठ्यालाच तेवढा वेळ लागला असेल. त्याने चोवीस पूर्णांक एक लिहिलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम हसायला लागली आणि म्हणाली, दादा, तू मोठेपणी फार त्रासदायक माणूस होणार आहेस. पुढे ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जायची. खात्यात रुजू झाला तेव्हा त्याने ती मुलाखतीतही सांगितली होती. तेहतीस वर्षांत त्याला कधी वाटलं नव्हतं की त्या एक दशांशाचं तिच्याकडे काय झालं असेल, ती कुठवर पळाली असती. आज वाटलं. आणि हेही समजलं की आपल्याला ते आज वाटतंय ते तिच्यासाठी नव्हे. तिच्या मनात काही साचलेलं तर नाही ना, उद्या अकरा वाजता ते वर तर येणार नाही ना, एवढंच आपण चाचपतोय. एखाद्याच्या गोदामात शिरून माल तपासावा तसं आपण बहिणीचं मन तपासतोय, असं वाटून तो कुशीवर वळला, पण त्या कुशीवर नळी होती, म्हणून पुन्हा उताणा झाला.

चार वाजून दहा मिनिटांनी ती आली. नेहमी यायची तशीच, कपाळावर घाम, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पिशवी. आल्या आल्या तिने खिडकी थोडी उघडली, मास्तरांना कशी आहे तब्येत विचारलं, त्याच्या पायावरची सूज बोटाने दाबून पाहिली आणि खड्डा किती वेळ राहतो ते बघत उभी राहिली. मग शाळेतल्या गमती सांगायला लागली. कुठल्याशा मुलीने पळायला नको म्हणून पाय मुरगळल्याचं सोंग केलं होतं आणि मधल्या सुट्टीत नेमकी दुसऱ्याच पायाने लंगडत होती. तो हसला. तिच्याकडे बघताना त्याची नजर सारखी तिच्या कमरेकडे जात होती, पिवळ्या सदऱ्याच्या शिवणीकडे. तिथे आत दोन होत्या, त्याचं शरीर ज्यांच्यासाठी आठवड्याला बारा तास मशीनला बांधलेलं होतं. बहिणीकडे असं बघणं बरं नव्हतं. त्याने डोळे वर केले. तेवढ्यात ती म्हणाली, "उद्या अकराला मला वर बोलावलंय. एकटीला. काय विचारतात रे ते?"

तिने हे पिशवीची गाठ सोडता सोडता विचारलं, त्याच्याकडे न बघता. त्याला वेळ होता. नंतर तो स्वतःला सांगू शकला नाही की एकदम विचारलं म्हणून तोंडातून गेलं. पुरता एक श्वास त्याला मिळाला होता आणि त्या श्वासात त्याला सगळं दिसलं. नळी, मुलगी, एकसष्ट किलो, पाच-सहा वर्षांची यादी, मास्तर. "नेहमीचंच," तो म्हणाला. "नाव, नातं, सह्या."

"एवढंच?"

"एवढंच."

ती बरं म्हणाली. मग तिने पिशवीतून धुतलेला टॉवेल काढून त्याच्या कपाटात ठेवला आणि थोडा वेळ कपाटाच्या दाराशी तशीच उभी राहिली. बायको डबा घेऊन आली तेव्हा दोघी जिन्याच्या तोंडाशी काही तरी बोलत होत्या, बायकोचा हात धाकटीच्या पाठीवर होता. बायको त्याच्याजवळ येऊन म्हणाली की वन्सं जरा उतरल्यासारख्या दिसतात, बुधवारपर्यंत त्यांनी चांगलं खाल्लं-प्यायलं पाहिजे, मीच आता त्यांचा डबा करते. तिच्या बोलण्यात सध्या बुधवार सारखा यायचा. बुधवारनंतर मीठ घालायचं, बुधवारनंतर मुलीला घेऊन कुठे तरी जाऊ या, बुधवारनंतर तुम्ही पोटभर पाणी प्या. त्याने काल-परवापर्यंत हे गोड मानून घेतलं होतं. आज त्याला तिला म्हणावंसं वाटलं की बाई, एक दिवस तरी हा बुधवार बाजूला ठेव. म्हणाला नाही. सवयीने डब्यातला उकडून पाणी काढून टाकलेल्या भाजीचा घास तोंडात घालून चावत राहिला.

दुसऱ्या दिवशी मशीनचा दिवस होता. सातला नेलं. नळीची टोकं पुसली, जोडली, आणि त्याचं रक्त मानेतून निघून पारदर्शक नळ्यांतून फिरायला लागलं. ही गोष्ट बघायची त्याला आता सवय झाली होती, पण आज त्याने डोळे मिटून घेतले. प्रत्यारोपणाची कचेरी वरच्या मजल्यावर होती. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं मागे होतं, म्हणजे घड्याळात दहा सत्तावन्न झाले की वर अकरा. तोवर त्याच्या अंगातून अडीच लिटरच्या वर निघालेलं असणार. अंग थंड पडत गेलं, पोटऱ्यांत गोळे आले. नर्सने पाय दाबून दिला. त्याला वाटत होतं की वर आता ती बसली असेल, पाठ ताठ, हात मांडीवर, खेळाच्या बाया बसतात तशी. विचारतील. आणि तिला तेव्हा समजेल की दादाला हे माहीत असणारच, रोज इथे पडलेला माणूस, त्याला माहीत नसेल असं कसं होईल. आपण तिच्याशी खोटं बोललो याची त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या खाली, अगदी घट्ट, अशी आशा होती की ती हो म्हणेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, एक दुसरीला जराही हलवत नाही, हे त्याला त्या वेळी अगदी स्पष्ट जाणवलं आणि त्याचाही कंटाळा आला. सव्वाअकराला नळ्या सोडवल्या. वजन एकसष्ट पूर्णांक दोन. चांगलं झालं, नर्स म्हणाली.

ती दोन वाजता आली. भेटीची वेळ नव्हती, पण दात्यांची वेळ वेगळी असते. वॉर्डात दाता म्हटलं की वाट सोडतात. मास्तरांना तपासणीसाठी खाली नेलं होतं. तिने त्यांच्या खाटेजवळचं स्टूल ओढलं आणि त्याच्याजवळ बसली. खिडकी उघडली नाही, सूज पाहिली नाही. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. तरी तो वाट बघत राहिला, कारण कळणं आणि ऐकणं यांत अजून थोडी जागा होती.

ती म्हणाली की आत तिघं जण होते आणि फार चांगले बोलले. पाणी दिलं. त्यांनी विचारलं आणि मग तेही सांगितलं, तपासणीत बसलं नाही म्हणून सांगायचं ते. "मी म्हटलं, माझ्या भावाला असलं काही सांगू नका. तो जन्मभर लोकांचे खोटे काटे पकडत आलाय. त्याला बसल्या जागी कळेल. कुणाला काहीच सांगू नका, मी सांगते." तिचे हात मांडीवर होते, एक अंगठा दुसऱ्याला दाबत होता. "दादा, मला नाही द्यायची."

खोलीत पंखा फिरत होता. लांब कुठे तरी ढकलगाडी खडखडली. त्याला आधी तिचा राग आला, अगदी साधा, भुकेल्या माणसाला समोरचं ताट उचललं की येतो तसा राग. तुझ्याकडे दोन आहेत. हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. मग त्याला रडू येईल असं वाटलं, पण मशीनवरून आलेल्या दिवशी डोळ्यांत सुद्धा काही उरत नाही. त्याने एवढंच विचारलं, "का?"

"कारण विचारू नकोस," ती म्हणाली. "शोधलं तर एखादं सापडेल, आणि मग ते मी सगळ्यांना सांगत बसेन. खरं म्हणजे मला भीती वाटते. तेवढंच आहे. पहिल्या दिवसापासून वाटत होती. मी 'बघू या' म्हटलं आणि तुम्ही सगळे निघालातच. मला वाटलं, चालत राहिलं की जाईल भीती. पोरींना मी हेच सांगते. पण नाही गेली." मग जरा वेळाने म्हणाली, "तुला ते माहीत होतं ना? आत असं सांगतात ते?"

"हो."

"काल माहीत होतं?"

"कालच कळलं होतं. सकाळी."

"आणि तू बोलला नाहीस."

"नाही बोललो," तो म्हणाला. "मला हवी होती."

तिने मान हलवली. त्यात तक्रार नव्हती, जणू तो तिला एखाद्या शर्यतीची वेळ वाचून दाखवत होता. दोघं बसून राहिले. लहानपणी एका खोलीत अभ्यास करताना बसायचे तसे, एकमेकांच्या अंगाचा कंटाळा येईल इतके जवळ. त्याच्या मनात यायचं ते येतच होतं. बुधवार गेला. यादी राहिली. नळी दुसऱ्या बाजूला घालतील, मग मांडीत घालतील, मग आणखी कुठे. मुलगी बारावी होईल तोवर टिकायचं. हे सगळं खरं होतं आणि भयंकर होतं. पण तिने तोंडावर सांगितलं यामुळे काही तरी हलकं झालं होतं, हेही खरं होतं. तिने ते दार वापरलं असतं तर तो आयुष्यभर तिच्याकडे बघून आकडे जुळवत बसला असता, खरंच बसलं नसेल की तिनेच नको म्हटलं असेल, आणि ते त्याला या आजाराहून जड गेलं असतं. इतकं ओळखणारं माणूस आपल्याला आहे. आणि त्या माणसाला आपण काल चक्क फसवलं. त्याला तिचा हात धरावासा वाटला. त्याने धरला नाही, कारण तिला वाटलं असतं की तो मन वळवतोय.

"वहिनींना मी सांगते," ती म्हणाली. "आल्या की लगेच. आता लपवायचं नाही मला."

त्याने डोळे मिटले. बायको ऐकताना कशी दिसेल ते त्याला दिसलं. ती ओरडणार नाही. ती गप्प होईल, डबा पुन्हा बांधेल, आणि त्या क्षणापासून धाकटी तिच्यासाठी मेलेली असेल. मुलगी आत्याला हाक मारणं सोडेल. येणारे-जाणारे बोलतील, आणि शाळेत कुणाकडून तरी पोचेल, चारशे पोरींसमोर ही बाई शिट्टी घेऊन उभी राहील. दर चार वाजता या खाटेच्या एका बाजूला बायको आणि दुसऱ्या बाजूला कुणीच नाही. हे मोठ्या मनाने वगैरे त्याने ठरवलं नाही. त्याला ते झेपणार नव्हतं, एवढंच. नळी झेपेल, यादी झेपेल, पण हे नाही.

"तू काही बोलायचं नाहीस," तो म्हणाला. "मी सांगतो. तपासणीत बसलं नाही म्हणून."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "तू?"

"मी."

"दादा, तुला जमणार नाही."

"जमेल," तो म्हणाला. "कालही जमलं होतं."

ती नको म्हणत राहिली. म्हणाली की मग मी तुला खरं सांगितलं त्याला काय अर्थ राहिला, वहिनींच्या डोळ्याला डोळा कसा देऊ. तो म्हणाला, ते तुझं तू बघ, मला सगळ्यांचं सगळं बघता येत नाही, मी फार दमलोय. हे मात्र त्याने अगदी मनापासून सांगितलं, आणि तिने वाद घालणं सोडलं. मास्तर खालून परत आले, दोघांकडे बघून काही न विचारता पडून राहिले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

चारला बायको आली. तिच्या हातात दोन डबे होते. एक रोजचा, आणि एक नवा, धाकटीसाठी, कालच्या बोलण्याप्रमाणे. पण नव्याचं झाकण बसमध्ये निघालं होतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं पिशवीत सांडलं होतं. ती त्याबद्दल बोलत बोलतच आत आली आणि मधेच थांबली. त्याने तिला स्टुलावर बसायला सांगितलं. मग सांगितलं, समन्वयक बाई जशा सांगत तशा एका सुरात, की शेवटच्या तपासणीत रक्तातलं काही तरी आलं, धाकटीची नाही चालणार, बुधवारचं रद्द झालं, आपलं नाव यादीत आहेच. एकही शब्द अडला नाही. सव्वीस वर्षांत त्याने कुणाचं अर्ध्या ग्रॅमचं खोटं चालवून घेतलं नव्हतं, आणि आता हे असं सहज, गोळीबरोबर पाण्याचा घोट घ्यावा तसं निघून गेलं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला फक्त पाठ टेकावीशी वाटली.

बायकोने पदराचं टोक घट्ट पिळलं, सोडलं. मग तिची नजर धाकटीकडे गेली. धाकटी खाटेच्या पायथ्याशी उभी होती आणि रडत होती, तोंड उघडं टाकून, आवाज न करता. बायको उठली, खाटेला वळसा घालून तिच्याकडे गेली आणि तिने तिला कवेत घेतलं. "वन्सं, तुम्ही का रडता," ती म्हणाली. "तुमच्या हातात काय होतं? तुम्ही द्यायला निघालात. माझ्या सख्ख्या भावंडांनी नसतं केलं." धाकटीने बोलायला तोंड उघडलं. त्याने बायकोच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत मान हलवली, एकदाच, नाही म्हणून. तिने तोंड मिटून घेतलं.

मग बायकोने डोळे पुसले आणि तिला स्टुलावर बसवलं. सकाळपासून पोटात काही नसणार तुमच्या, म्हणाली, चेहरा बघा कसा झालाय. नव्या डब्यात काही उरलं नव्हतं. तिने त्याचा डबा उघडला, भाताचं ताट धाकटीच्या मांडीवर ठेवलं आणि चमचा तिच्या हातात दिला. धाकटीने पहिला घास घेतला आणि तो तोंडातच धरून बसली.

"मीठ नाही त्यात, यांचा आहे ना," बायको म्हणाली. "पण खा. माझ्यासाठी खा."

तिने तो घास गिळला. मग दुसरा घेतला. बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि धाकटी खाली मान घालून खात राहिली, ताट संपेपर्यंत.